लीद गार होऊ द्या



पवित्र मरियेच्या गुंफेजवळचा गुलाबाचा वाफा सध्या बहरला आहे. मिस्सानंतर पुष्कळजण तिथे थांबतात, कौतुक करतात. परंतु याच वाफ्यात आधी काय घडले ते थोड्यांनाच ठाऊक आहे. आज ते सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आपल्यातील एक तरुण पाचगणीहून घोड्याच्या ताज्या लिदीची दोन पोती घेऊन आला. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवणारे घोडे पुष्कळ. तिथे लिदीला तोटा नाही. मला फार आनंद झाला. त्याच संध्याकाळी मी रोपांच्या बुंध्याशी ओंजळ ओंजळ लीद घातली. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. वीस रोपांपैकी बारा गेली. उरलेल्या आठांभोवती गवत मात्र जोमाने उगवले.

तासगावकडचे एक आजोबा त्या वेळी लेकीकडे आले होते. आयुष्य द्राक्षबागेत गेलेले. त्यांनी वाफा पाहिला आणि म्हणाले, "खत चांगलंय फादर. दम तेवढा न्हाई तुमच्यात."

मी खाली बसलो आणि त्यांच्याकडून शिकलो. ताज्या लिदीत जनावराचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून निघणारा अमोनिया कोवळी मुळे जाळतो. घोडा गाई-म्हशीसारखा रवंथ करत नाही, म्हणून गवताचे बी त्याच्या पोटातून बरेचसे जिवंत बाहेर पडते. ताज्या लिदीत रोगजंतूही असतात. आणि कच्च्या शेणखताबरोबर शेतात येणारी हुमणी काय करते, हे वाळवा-कराडच्या ऊस करणाऱ्यांना मी सांगायला नको.

मग आजोबांनी ढीग लावायला शिकवला. विहिरीपासून दूर, सावलीत जागा निवडली. लिदीचा एक थर, वाळल्या पानांचा आणि उसाच्या पाचटाचा एक थर, वर पाण्याचा शिपका, शेवटी झाकण. चार-पाच दिवसांनी त्यांनी मला ढिगात हात घालायला लावला. चटका बसला! चांगल्या लागलेल्या ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते. त्याच उष्णतेत तणाचे बी आणि रोगजंतू मरतात. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करायचा, म्हणजे कडेचे आत जाते आणि आतल्याला हवा मिळते. चार महिन्यांनी ढीग निम्मा झाला. काळा, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा एक विचार मी पाठ केला होता : एखाद्या वस्तूत जे होण्याची शक्यता आहे आणि ती प्रत्यक्षात जी आहे, यांत अंतर असते. परीक्षेत मला गुण चांगले मिळाले. पण ते अंतर कष्टाने आणि वेळेने ओलांडावे लागते, हे मला त्या उकिरड्याने शिकवले.

आता लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराचे झाड आठवा. धनी तीन वर्षे फळ शोधत येतो आणि शेवटी झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. या वर्षात तो झाडाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. धन्याचे म्हणणे खोटे नव्हते. झाडाला फळ नव्हतेच. माळ्यानेही ते नाकारले नाही. त्याने फक्त वेळ मागितला आणि त्या वेळात स्वतः राबायचे कबूल केले.

बंधू-भगिनींनो, त्याच वर्षी मी आणखी एका ठिकाणी ताजी लीद घातली. सणाच्या खर्चाचा हिशेब द्यायला आपल्यातील एका बंधूंना उशीर झाला होता. मी भर सभेत सर्वांसमोर त्यांना बोललो. उशीर झाला हे खरेच होते. पण माझा शब्द रागाने तापलेला होता, आणि ऐकणाऱ्यांना त्यात संशयाचा वास आला. दुसऱ्या दिवशी हिशेब आला, पैसा न् पैसा जुळला. पुढच्या रविवारपासून ते घर मिस्साला येईनासे झाले.

ढीग वरखाली करताना मला ते घर आठवे. चार महिन्यांनी मी त्यांच्या दारात गेलो आणि क्षमा मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ताईंनी चहा ठेवला. आता ते येतात, शेवटच्या बाकावर बसतात. पूर्वी पहिल्या बाकावर बसत. हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

थांबणे म्हणजे मनात कुढत बसणे नव्हे. न हलवलेला ढीग आतून सडतो, त्यावर माश्या बसतात. राग आला तर तो प्रार्थनेत परमेश्वरापुढे वरखाली करा. आपली चूक किती ते पाहा. मग जाऊन बोला, आणि एकट्यात बोला. पण हेही ऐका : घरात मारहाण होत असेल, लेकराला धोका असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिथे गप्प राहणे हे पाप आहे.

आता थोडे परसबागेविषयी. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो, त्याच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस आधी कच्चे खत मातीत मिसळलेले असावे लागते. आपली मेथी महिन्याभरात आणि कोथिंबीर दीड महिन्यात ताटात येते. तेव्हा त्या वाफ्यात ताजी लीद नकोच. कुजलेले खत घाला, भाजी स्वच्छ धुवा. लिदीत आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात; हाताला जखम असेल तर मोजे घाला, आणि इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर दवाखान्यात विचारा.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. हलवत राहिलो तर चार महिनेही पुरतात. चर्चच्या मागे यंदाचा ढीग तयार आहे. मिस्सानंतर ज्यांना हवे त्यांनी घमेले घेऊन यावे. आणि ज्यांच्याशी बोलणे बंद आहे अशा कोणाची आठवण खत भरताना झाली, तर एक घमेले त्यांच्या दारातही ठेवून यावे.

आपला प्रभूमध्ये,
धर्मगुरू