सुरी चालण्याआधी

जपानमध्ये वाकायामाच्या कुरोशिओ मासळीबाजारात ट्यूना लोकांसमोर कापून दाखवतात. आपल्या कुप्याच्याच कुळातला हा मासा, पण चांगला वाढलेला ब्लूफिन दोन-तीन माणसांच्या वजनाचा भरतो. सुरी तलवारीएवढी लांब. आधी डोकं वेगळं होतं. मग पातं कण्याला घासत सरकतं आणि पाठीचे दोन, पोटाचे दोन असे चार लांबलचक तुकडे सुटतात. मधल्या काट्याला चिकटलेलं लालभडक मांस चमच्याने खरवडून घेतात. टाळ्या पडतात.

मरणाचा असा तमाशा कशाला, असं काहींना वाटतं. मला हा आक्षेप पटत नाही. डब्यातल्या गुलाबी चौकोनी फोडीला डोळा नसतो, कल्ले नसतात. इथे मुलांना अख्खा जीव दिसतो. जे आपण खातो ते बघण्याची तयारी हवीच. आणि काट्यावरचा शेवटचा कण वाया न घालवणारा तो चमचा मला कुठल्याही प्रार्थनेइतकाच मोलाचा वाटतो.

मला खुपतं ते वेगळंच. मासेमारी झालीच नसती तर प्रशांत महासागरात अंडी घालणारे जेवढे ब्लूफिन असते, त्यांच्या जेमतेम दोन टक्के २०१०च्या सुमारास उरले होते. कारण पकडले जाणारे बहुतेक मासे पिल्लंच होती, एकदाही अंडी न घातलेली. ती कुणी टाळ्यांच्या गजरात कापली नाहीत, मुकाट्याने संपली. २०१५पासून तीस किलोंखालच्या माशांची पकड निम्म्यावर आणली, आणि दहा वर्षांच्या आत तो दोन टक्क्यांचा आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला. माणसाने हात आवरला की समुद्र एवढ्या लवकर भरून येतो! टाळ्या खरं तर तिथे पडायला हव्यात. पडतात मात्र भावाला: २०१९च्या जानेवारीत टोकियोच्या तोयोसू बाजारात २७८ किलोंचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, तेव्हा जगभर बातमी झाली.

कापणारा प्रत्येक तुकड्याचं नाव सांगतो, चव सांगतो. त्याने आणखी थोडं सांगावं. मासा कुठल्या पाण्यातला, किती वर्षांचा, अंडी घालण्याइतका जगला होता का? पाळलेला असेल, तर पिल्लू असताना तो समुद्रातून उचलला होता का? त्याने नाही सांगितलं तर पुढे उभ्या असलेल्या मुलांनी विचारावं, आणि सुरी चालण्याआधी विचारावं.