नगराचे मर्म

शल्यकर्माच्या संदर्भात सुश्रुताने मानवी देहातील १०७ मर्मे सांगितली आहेत. मांस, शिरा, स्नायू, अस्थी आणि संधी ज्या ठिकाणी एकत्र येतात ते मर्म. तेथे झालेला लहानसा आघातही प्राणावर बेततो. देहाला शस्त्र लावूच नये, असे सुश्रुताचे म्हणणे नाही. तो स्वतः शस्त्रवैद्यांच्या परंपरेचा आद्य आचार्य. मर्म टाळून छेद घ्यावा, एवढाच त्याचा आग्रह आहे. भारतीय वास्तुविद्येनेही ही कल्पना आपलीशी केली. वास्तुपुरुषाच्या अंगावरील मर्मांना पीडा होऊ नये, याची काळजी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही घेतलेली दिसते. एका घराला मर्म असते, तर हजारो घरांनी बनलेल्या नगराला ते नसेल काय? आणि असेल, तर ते जाणण्याची जबाबदारी कोणाची, आणि तेथे छेद घेण्याचा अधिकार कोणाला? मध्यवस्तीच्या पुनर्विकासाचा विचार सामान्यतः स्थापत्य, अर्थकारण आणि कायदा यांच्या परिभाषेत केला जातो. परंतु या तिन्ही परिभाषांच्या मुळाशी हा नैतिक प्रश्न उभा आहे.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एखाद्या शहराचा आधार घेणे इष्ट. इंदूर हे त्या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २० लाख वस्तीचे हे शहर देशातील महानगरांच्या मानाने मध्यम. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे स्थिरावली आणि राजवाड्याभोवती बाजारांचे जाळे विणले गेले. सराफा, बर्तन बाजार, खजुरी बाजार, मारोठिया, शीतलामाता बाजार ही नावे एकेका व्यवसायाची किंवा एकेका श्रद्धास्थानाची खूण आहेत. मराठी, माळवी, मारवाडी, गुजराती आणि उर्दू बोलणारी माणसे येथे पिढ्यानुपिढ्या एकमेकांच्या गिऱ्हाइकीवर जगत आली. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार चालतात आणि रात्री त्याच दुकानांच्या पुढ्यात खाद्यपदार्थांचे ठेले लागतात. रात्री ठेला लावणाऱ्याच्या मालकीची तेथे एक वीतभरही जमीन नसते. त्याचा निर्वाह दोन गोष्टींवर चालतो: दुकान मिटल्यावर मोकळी झालेली जागा आणि त्या जागी येण्याची लोकांना जडलेली सवय. या दोहोंपैकी एकीचीही नोंद कोणत्याही दस्तात नाही.

येथेच नगराच्या मर्माची पहिली ओळख पटते. मर्म इमारतीत नसते. सात मजल्यांचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला, पुढे त्याची डागडुजी झाली, आणि त्याच्या रक्षणाविषयी कोणाचे दुमत नाही. राजांच्या वास्तू जपण्याची बुद्धी समाजाला झाली आहे, हे चांगलेच. परंतु राजवाड्याला ज्या वस्तीमुळे अर्थ होता ती वस्ती वारसास्थळांच्या यादीत बसत नाही. तिच्यातील एकेक घर सामान्य असते. असामान्य असते ते त्यांचे सान्निध्य. कारागिराला कच्चा माल, गिऱ्हाईक, उधार देणारा आणि मुलांची शाळा हे सारे पायी गाठता येईल अशा अंतरात मिळणे, हेच गरिबाचे भांडवल असते. हे भांडवल एकट्याचे नसते, म्हणून विकता येत नाही. आणि विकता येत नाही, म्हणून ते नष्ट झाल्यास त्याची किंमत कोणी मोजत नाही.

इंदूरला या गोष्टीची जाणीव शंभर वर्षांपूर्वी करून देण्यात आली होती. तुकोजीराव तिसरे होळकर यांच्या दरबाराने स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेचा सल्ला देण्यासाठी बोलावले आणि १९१८ साली त्यांचा द्विखंडात्मक अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे ते हेच. मूळचे ते जीवशास्त्राचे अभ्यासक, त्यामुळे नगराकडे ते सजीव म्हणून पाहत. जुन्या वस्तीतून सरळ रेषेत रुंद रस्ता काढण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरांत विरोध केला. अशा रस्त्याने विस्थापित झालेली माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत दाटी करतात आणि जो रोग बरा करायचा तोच तेथे वाढवतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. पर्याय म्हणून त्यांनी रक्षणशील शल्यकर्माची कल्पना मांडली. गल्ल्यांतून पायी हिंडून प्रत्येक घर पाहावे, अगदीच मोडकळीला आलेले तेवढे काढावे, मिळालेल्या मोकळ्या जागेत झाड लावावे, वस्तीला श्वास घेऊ द्यावा. सुश्रुताच्या भूमीत एका परक्या माणसाने शल्यकर्माचीच भाषा वापरावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

गेडिस यांच्या विचाराला नैतिक वजन येते ते त्यांच्या आचरणामुळे. १८८६ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी ॲना एडिंबरोच्या जुन्या भागातील पडक्या चाळवजा इमारतीत स्वतः राहावयास गेले आणि तेथील खोल्या, अंगणे शेजाऱ्यांच्या बरोबरीने सुधारू लागले. इंदूरात प्लेगचे भय होते तेव्हा त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक योजली. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ होतील त्याच रस्त्यांनी ती जाईल, असे जाहीर करण्यात आले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि स्वच्छ पोशाखातील सफाई कामगारांना मानाचे स्थान होते, असा वृत्तान्त त्यांच्या चरित्रांत येतो. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लागोपाठ पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराच्या इतिहासात ही मिरवणूक शोभून दिसते. तिच्यामागचे तत्त्व मात्र स्वच्छतेहून मोठे आहे. वस्ती बदलायची तर वस्तीतल्या माणसांना त्या बदलाचे कर्ते होता आले पाहिजे, हे ते तत्त्व.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या वस्तीचे सान्निध्य सर्वांना सारखे सुखाचे नव्हते. त्याच गल्ल्यांत शिवाशिवीच्या सीमा होत्या. सफाई करणाऱ्यांची घरे वेशीबाहेर होती आणि त्यांचा मिरवणुकीतील मान एका दिवसापुरता होता. माजघराच्या अंधारात आयुष्य काढणाऱ्या बाईला त्या वाड्याचे कोरीव खांब काय उपयोगाचे? अरुंद बोळात रुग्णवाहिका शिरत नाही, आगीचा बंब पोहोचत नाही. सराफ्यातील रात्रीची खाद्यचौपाटी आगीच्या भीतीने हलवावी अशी मागणी अलीकडे झाली, तीही अकारण नाही. जुन्याचे कौतुक बहुधा तेच करतात ज्यांना तेथून निघून जाता आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खेड्याच्या स्तुतीमागील ढोंग उघडे केले होते. मध्यवस्तीच्या स्तुतीलाही ती कसोटी लावली पाहिजे. माणसाला आपले गाव, आपली गल्ली सोडण्याचा हक्क आहे, तिचा चेहरा बदलण्याचाही आहे.

म्हणून जुने राखावे की पाडावे, या रूपात हा प्रश्न मांडणेच चुकीचे आहे. या आक्षेपातून निष्पन्न होते ते इतकेच, की बदलाचा लाभ ज्यांच्या नावाने मागितला जातो, त्यांनाच तो मिळाला पाहिजे. बंब आत यावा म्हणून रस्ता रुंद केला आणि बंब ज्यांच्यासाठी यायचा त्या भाडेकरूंना शहराच्या कडेला जावे लागले, तर रस्त्याचे समर्थन करणारे कारणच नाहीसे होते. सोयीचा लाभ एकाला आणि तिची किंमत दुसऱ्याला, हा व्यवहार सार्वजनिक हिताच्या नावाखाली सहज लपून जातो.

कायद्याने या विसंगतीची दखल हळूहळू घेतली आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या दृष्टीला मुख्यतः जमीन आणि तिच्यात हितसंबंध असलेली व्यक्ती दिसत असे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढला, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची संपत्ती हिरावता येणार नाही, हे अनुच्छेद ३०० अ ने कायम ठेवले. २०१३ च्या नव्या कायद्याने मोठे पाऊल टाकले: सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक ठरले, आणि जमीन नावावर नसली तरी तीन वर्षे त्या भागात राबून उपजीविका करणारे भाडेकरू व कारागीर बाधित कुटुंबांत गणले जाऊ लागले. उपजीविका हीदेखील एक मत्ता आहे, हे कायद्याने मान्य केले. पण मध्यवस्तीतले बदल बहुधा भूसंपादनाच्या वाटेने येतच नाहीत. ते आराखड्यातील रस्त्याच्या रेषेने येतात, मालक आणि विकासक यांच्या कराराने येतात, मोबदल्यात मिळणाऱ्या वाढीव बांधकामहक्काने येतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात इंदूरने राजवाड्याचा परिसरच विकासासाठी निवडला. काही वास्तू सावरल्या, आणि काही रस्ते रुंद होताना घरांचे दर्शनी भाग कापले गेले. ज्याचे घर कापले गेले त्याला निदान दाद मागण्याची वाट असते. त्या घराच्या ओट्यावर बसून जोडे शिवणाऱ्याचे नाव कोणत्याही रेषेच्या आत येत नाही.

जमिनीच्या वाढत्या किमतीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले, की शहरातील जमिनीचे मोल तिच्या मालकाच्या श्रमाने वाढत नाही. ते भोवतालच्या समाजाच्या वाढीमुळे वाढते. इंदूरच्या हुकुमचंद गिरणीची कथा या विधानाचे भाष्य ठरावी अशी आहे. ही गिरणी १९९१ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांची देणी थकली आणि ती चुकती होण्यासाठी डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. तेव्हा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला. मधल्या ३२ वर्षांत कित्येक कामगार मरण पावले. त्याच ३२ वर्षांत गिरणीची ४० एकरांहून अधिक जमीन काही न करता पडून होती आणि तिची किंमत चढत होती. श्रमाचे देणे गोठून राहिले, जमिनीचे मोल वाढत गेले. अखेर कामगारांना न्याय मिळाला तोही त्या जमिनीच्या पुनर्विकासाचा मार्ग निघाला तेव्हा. म्हणजे पुनर्विकास सदैव अन्यायच करतो असे नाही. येथे त्याच्याच वाटेने जुने ऋण फिटले. पण ज्या शहराने ती किंमत निर्माण केली त्या शहराचा, आणि ज्यांनी त्या आवारात आयुष्य वेचले त्यांच्या वारसांचा नव्या बांधकामात काही वाटा असावा की नाही, हा प्रश्न देणी चुकवल्याने संपत नाही.

शेवटी चूक दुरुस्त करता येण्याच्या शक्यतेचा विचार केला पाहिजे. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा जलद बसमार्ग इंदूरने मोठ्या खर्चाने बांधला आणि २०१३ मध्ये सुरू केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढून टाकण्यास मान्यता दिली. बांधणे योग्य होते की काढणे, याचा निवाडा वाहतूकतज्ज्ञांनी करावा. नीतीच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बारा वर्षांनी शहराला आपले मत बदलता आले. लोखंडी कठडे उपटता येतात. मध्यवस्तीतील एखादा मोहल्ला उठवल्यावर मात्र मत बदलण्याची मुभा उरत नाही. विखुरलेली दीडशे कुटुंबे पुन्हा त्याच जागी आणून बसवली, तरी त्यांच्यातील उधारीचा विश्वास, लग्नकार्यातील देवघेव, एकाच्या अनुपस्थितीत दुसऱ्याने त्याचे दुकान सांभाळण्याची रीत परत येत नाही. ज्याची भरपाई करता येत नाही, त्याच्या बाबतीत पुराव्याचा भार बदल करणाऱ्यावर असला पाहिजे. आज तो नेमका उलट असतो. राहणाऱ्याला आपले राहणे सिद्ध करावे लागते, आराखडा करणाराला आपल्या रेषेची अपरिहार्यता सिद्ध करावी लागत नाही.

या मांडणीतून एक मर्यादित पण ठाम निष्कर्ष निघतो. जो छेद उलटवता येतो, त्याला प्रयोग म्हणून अनुमती असावी. जो उलटवता येत नाही, त्याच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे दिली जावीत: हेच प्रयोजन याहून लहान छेदाने साधले असते काय, ज्यांच्या हिताचे कारण दिले ते बदलानंतर त्याच जागी राहू शकतील काय, आणि वाढलेल्या मोलातला कोणता भाग ते मोल घडवणाऱ्यांकडे परत जाईल. यांची समाधानकारक उत्तरे मिळत असतील, तर जुन्या भिंतींसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मिळत नसतील, तर मोबदल्याची रक्कम कितीही मोठी असली, तरी तिने अन्यायाचे रूपांतर न्यायात होत नाही. अन्यायाची पावती तेवढी हाती पडते.

नगररचनेचा नकाशा उंचावरून काढला जातो, कारण उंचावरून रेषा सरळ दिसतात. मर्म मात्र उंचावरून दिसत नाही. ते पाहण्यासाठी गल्लीतून चालावे लागते, ओट्यावर थांबावे लागते, कोण कोणाच्या आधाराने उभा आहे हे विचारावे लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि कोणत्याही निविदेत त्याची तरतूद नसते. तरीही ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याला ते टाळता येणार नाही, कारण अज्ञानाने केलेला मर्माघातही मर्माघातच असतो.