जर्मन सूर

बारावीच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी व्हीटस्टोन ब्रिज जोडलेला असतो. तो व्हीटस्टोनचा नाही. ती जोडणी सॅम्युअल हंटर ख्रिस्ती या माणसाने १८३३ मध्ये मांडली होती. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टोनने ती लोकांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्तीचं आहे हेही सांगितलं. तरी नाव व्हीटस्टोनचंच चिकटलं. माणूस खरं बोलला तरी वस्तूवरचं नाव खोटं राहू शकतं, हे मला तिथून पहिल्यांदा कळलं.

याच व्हीटस्टोनने कॉन्सर्टिना नावाचं वाद्य काढलं. दोन हातांत धरायचा सहा कोनी भाता, आत धातूच्या पात्या, बाजूंना बटणं. त्याच्या कंपनीत प्रत्येक नगावर क्रमांक पडायचा आणि वहीत नोंद व्हायची. त्यातल्या बऱ्याच वह्या आज लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत, स्कॅन करून सगळ्यांना खुल्या. जुनी कॉन्सर्टिना हातात आली की क्रमांक पाहायचा, वही उघडायची, तारीख मिळते. लाशनाल या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या वह्या उरल्या नाहीत, म्हणून तिच्या वाद्यांना फक्त अंदाज. एकाच शहरातली, एकाच जातीची वाद्यं. एकाला जन्मतारीख आहे, दुसऱ्याला नाही, आणि फरक एवढाच की कुणाची तरी वही वाचली.

आपली पेटी याच कुळातली. आत पितळी सूर, मागे भाता. आमच्या आरमोरीच्या घरातल्या पेटीवर मात्र क्रमांक नाही. कंपनीचं लेबल होतं तिथे आता फिकट लाकडाचा चौकोन आहे. आबाजी ही पेटी झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायचे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की बैलगाडीवर पेटी, आणि नाटक संपेपर्यंत उजाडायचं. यंदा मोठ्या काकूंनी ती विकायचं ठरवलं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘सूर ओरिजिनल जर्मन आहेत का? पेटी कोणत्या सालची?’ जर्मन असतील तर तो तिप्पट द्यायला तयार होता.

घरात सगळे एका सुरात म्हणाले, जर्मन. आबाजी तसंच सांगायचे.

मी पेटी उलटी केली. तळाला खिळ्याने कोरलेलं होतं: आबाजींचं नाव, मग ‘आरमोरी, त. गडचिरोली, जि. चांदा, म. प्र.’ भांड्यांवर नाव घालतात तसं. आणि हे कुठल्याही सीरियल नंबरइतकं बोलकं आहे. आमचा भाग मध्य प्रदेशात होता तो २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. त्याआधी लोक सी. पी. लिहायचे, नंतर मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ च्या सुमाराला. गडचिरोली जिल्हा तर १९८२ चा. कागदावर सरकारं बदलत गेली आणि पत्ता लिहिणाऱ्याने नकळत तारीख लिहून ठेवली.

पण ही तारीख कशाची? कोरण्याची. पेटी त्याआधीची असू शकते, कुणाकडून जुनी घेतलेली असू शकते. शिवाय सवय सुटत नाही. आमच्याकडे अजूनही कुणी म्हातारं ‘चांद्याला जाऊन येतो’ म्हणतं. पुरावा नेहमी एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि तो प्रश्न बरेचदा आपला नसतो.

मग सुरांची पट्टी काढली. दोन ओळी. एका ओळीचं पितळ गडद, कोरीव अक्षरं बारीक आणि सरळ. दुसरीतले निम्मे सूर उजळ, अक्षरं तिरकी, मागाहून बसवलेले. जवळजवळ सगळ्यांवर कानशीचे ओरखडे. पातीच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, म्हणजे हे ओरखडे एकेका हंगामाचे. फोनवरच्या ट्यूनर ॲपने वय काढायचा विचार मी तिथेच सोडला. इतक्या वेळा घासलेला सूर कारखान्यातल्या पट्टीबद्दल काय सांगणार? तो कुठल्या तरी गायकाच्या गळ्याबद्दल सांगतो.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलेला प्रश्न विदर्भात पुष्कळांना ठाऊक असतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू? नाही, नाही, नाही. सगळं मिळून जे आहे, त्याला आपण व्यवहारात रथ म्हणतो. पेटीपुरतं मला हे मान्य आहे. पात्या बदलल्या, भाता बदलला, तरी ती आबाजींचीच पेटी. अडचण ‘पेटी’ या शब्दाची नाहीच. ती ‘जर्मन’ या शब्दाची आहे.

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या गंजाला ‘जर्मनचा गंज’ म्हणतात. त्याला कुठल्याही जर्मनाचा हात लागलेला नसतो आणि ‘जर्मनचा गंज दे’ म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. जुन्या पेट्यांत जर्मन आणि पॅरिसचे सूर खरोखर यायचे, त्यांचा लौकिक मोठा होता. पुढे गुजरातेत पालिताण्याचे सूर नावारूपाला आले. मंडईत आबाजी ‘जर्मन सूर’ म्हणायचे तेव्हा ऐकणाऱ्याला कळायचं की आवाज दणदणीत आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल. गुणाचं नाव होतं ते, गावाचं नव्हे. (गंमत म्हणजे परकी म्हणून याच पेटीला ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ दूर ठेवलं. तिचं परकेपण कुणाला नको होतं, गिऱ्हाइकाला तेच हवंय.)

चुलत भाऊ म्हणाला, ‘आपण कुठं बनवून सांगतो? आबाजी म्हणत होते तेच सांगू.’ हा युक्तिवाद दिसतो त्यापेक्षा भक्कम आहे. वाक्य तेच, शब्द तेच, आणि आबाजी खोटारडे नव्हते. पण गिऱ्हाईक कारखाना विचारतोय हे मला माहीत आहे. ऐकणारा काय समजणार हे माहीत असताना तेच वाक्य पुढे ढकललं, तर ते माझं वाक्य होतं. आबाजींच्या मागे मला लपता येत नाही.

दुसरी बाजू मला जास्त टोचली. खरं बोलण्याची किंमत मी देत नव्हतो, काकू देत होत्या. दुसऱ्याच्या गुडघ्यावर सत्यवादी होणं फार स्वस्त पडतं. फरकाचे पैसे मी देतो म्हटलं, तर त्यांनी हात झटकला: ‘पेटीचे पैसे माझे. तुझे तुझ्यापाशी ठेव.’ आणि ‘जर्मन नाहीत’ असं ठासून सांगणं हाही खोटेपणाच झाला असता. गडद पितळाची ती ओळ तिकडची असूही शकते. आपल्याला शंका आहे एवढ्यावरून दुसऱ्याचा माल पाडायचा, यात प्रामाणिकपणापेक्षा ऐटच जास्त.

म्हणून निर्णय काकूंवर सोडला. मला सापडलं ते सगळं त्यांना दाखवलं, ओरखडेसुद्धा. त्यांनी बराच वेळ त्या कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘खोटं कायले लिहायचं? पण आबाजी जर्मन म्हणत होते, थेही लिहिजो.’

तसंच लिहिलं. तळाच्या पत्त्याचा फोटो, म. प्र. म्हणजे कोणती वर्षं, कोणते सूर मागाहून बसवलेले, लेबल नाही, आणि शेवटी: वाजवणारे यांना जर्मन सूर म्हणत. दोन निळ्या टिका आल्या. चार दिवसांनी त्याने विचारलं, ‘कोण वाजवायचे? कुठल्या नाटकांत?’ काकूंनी व्हॉइस नोट पाठवायला सुरुवात केली आहे. सातवी झाली. भावाचं अजून ठरलेलं नाही.