पोरक्यांचं धन आणि चुलत्याचा हिशेब

सातबाऱ्यावर लहान मुलांच्या नावांखाली ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं येतात आणि पुढे एका मोठ्या माणसाचं नाव. अज्ञान पालनकर्ता. बाप गेला तर तिथे आईचं नाव लागायला हवं. पण तेरावा उरकतो न उरकतो तोच एखादा चुलता ती जागा घेतो आणि भावकीला त्यात काही वावगं वाटत नाही. पुढे दोन एकर विकले जातात. वहिनीने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: ‘घरच्या माणसाकडे हिशेब मागतेस?’

हिशेब मागणं म्हणजे जणू अधर्मच. धर्मग्रंथांचं म्हणणं मात्र नेमकं उलटं आहे.

मनुस्मृतीने अज्ञान वारसाचं धन राजाच्या रक्षणाखाली ठेवलं. मुलगा गुरुगृहाहून परते किंवा त्याचं बालपण सरे तोवर. कौटिल्याने ते गावातल्या वृद्धांवर सोपवलं, आणि तेही नुसतं राखायला नाही, वाढवायला. चुलते तेव्हाही होतेच. पंडूच्या पोरांचं राज्य आंधळ्या थोरल्या चुलत्याकडे राहिलं, त्याची कथा तर घरोघर ठाऊक आहे.

कुराणाची चौथी सूरा याहून बारकाईने बोलते. अनाथांचं धन आपल्या धनात मिसळून खाऊ नका, मुलं जाणती झाली का ते पारखा, धन परत करताना साक्षीदार ठेवा. पालक सुखवस्तू असेल तर त्याने त्यातलं काही घेऊ नये. गरीब असेल तर वाजवी तेवढं घ्यावं. खरा पेच इथे आहे. ‘पोरांना मी शिकवलं, आजारपणं मी काढली’ असं म्हणणारा चुलता दरवेळी खोटं बोलत नसतो. त्याच्या कष्टांना मोल आहेच, पण ते ठरवायचं कुणी? १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानेही न्यायालयाने नेमलेल्या पालकाला मोबदल्याची सोय ठेवली. आकडा मात्र न्यायालय ठरवतं, पालक नव्हे.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे बापामागे आई ही नैसर्गिक पालक. तिलाही मुलांची जमीन न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. आणि केवळ मुलांना सांभाळतो म्हणून चुलत्याला ती विकण्याचा अधिकारच नाही. कलम ११ त्याबाबत स्वच्छ आहे. जमीन अविभक्त कुटुंबाची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कर्ता ‘कायदेशीर गरज’ दाखवून विक्री करू शकतो, आणि चुलत्याचा वकील पहिल्याच तारखेला हेच पुढे करतो. म्हणून जमीन बापाची स्वकष्टाची की वडिलोपार्जित, याचा उलगडा फेरफार काढून आधी करावा.

मुलं सज्ञान होईपर्यंत थांबायचं कारण नाही. आई, मामा किंवा मुलांच्या हिताआड न येणारा कुणीही सज्ञान माणूस ‘वादमित्र’ म्हणून दिवाणी दावा लावू शकतो: मनाई हुकूम, वाटप, हिशेब. न्यायालयाने नेमलेला पालक असेल तर त्याला काढून टाकायचा अर्ज करता येतो. सरळ अफरातफर असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची फिर्याद आहेच.

सर्वांत अवघड जागा कायद्याने मुलांच्याच वाट्याला ठेवली आहे. पालकाने केलेली विक्री रद्द करून मागायला मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणात आईने परवानगीवाचून जमीन विकली होती. मुलांनी ताबा मागितला, पण खरेदीखतं रद्द करण्याची मागणी मागाहून दुरुस्तीने घातली. तोवर मुदत टळली होती. जिने वाढवलं तिच्याच सहीविरुद्ध मुलाने एकविशीच्या आत उभं राहावं, ही अपेक्षा कठोर आहे. मातृऋण मानणाऱ्या घरात तर फारच. न्यायालयाने मात्र तारखा मोजल्या आणि मुलं हरली.