पाहणे आणि पाहून करणे

दूरचे दृश्य घरबसल्या पाहावे, ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सेना सज्ज होऊ लागल्या, तेव्हा भगवान व्यास हस्तिनापुरास आले आणि युद्ध पाहण्याची इच्छा असल्यास नेत्र देतो, असे त्यांनी धृतराष्ट्रास सांगितले. स्वकुलाचा संहार डोळ्यांनी पाहण्याचे धैर्य त्या राजापाशी नव्हते. तथापि सर्व वृत्तान्त ऐकण्याची उत्कंठा मात्र सुटली नव्हती. म्हणून व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली आणि त्याच्या मुखाने राजाला युद्धवार्ता मिळू लागली.

त्या काळी हा लाभ एकाच राजाला झाला. आज तशी सोय घरोघरी, प्रत्येकाच्या तळहातावर आली आहे. यूट्यूबवरील पहिली चित्रफीत 23 एप्रिल 2005 रोजी चढविली गेली. ती अवघी 19 सेकंदांची असून अमेरिकेतील सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा असलेला एक तरुण तीत बोलताना दिसतो. त्या लहानशा आरंभापासून आजवर केवढा विस्तार झाला! परदेशातील युद्ध, क्रिकेटचा सामना, अरण्यातील वाघीण, समुद्रतळाचे जलचर, अंतराळात झेपावणारे यान, हे सारे गृहस्थ भोजनाच्या पाटावर बसल्या बसल्या पाहू शकतो. साधन नवीन आहे. परंतु त्यामुळे उभा राहणारा प्रश्न गीतेइतकाच प्राचीन आहे. पाहणाऱ्याचे पुढे काय होते?

धृतराष्ट्र आणि संजय यांच्या चरित्रात याचे उत्तर आहे. भगवंताचा उपदेश दोघांच्याही कानी पडला. गीतेच्या अखेरीस संजय सांगतो की, तो संवाद आणि ते अद्भुत रूप आठवून आपल्याला वारंवार हर्ष होत आहे. धृतराष्ट्राची स्थिती काय? गीतेच्या 700 श्लोकांत त्याच्या वाट्याला एकच श्लोक आहे, आणि त्यातही ‘माझे’ आणि पांडूचे असा भेद तो करतो. आत्म्याचे अमरत्व, निष्काम कर्म, भक्ती, शरणागती, सर्व काही ऐकून झाल्यावर महाभारतात पुढे त्याचा प्रश्न येतो तो असा की, पहिला प्रहार कोणी केला, कौरवांनी की पांडवांनी? अमृताची धार कानावरून वाहून गेली, हृदयात एक थेंबही उतरला नाही. त्याला वार्ता हवी होती, बोध नको होता.

आजचा गृहस्थ या दोघांपैकी कोणाच्या पंक्तीला बसतो, हे त्याने स्वतःच तपासावे. चित्रफीत दाखविणाऱ्या व्यवस्थेची उपजीविका मुख्यतः जाहिरातींवर चालते. प्रेक्षक जितका अधिक काळ खिळून राहील तितका तिचा लाभ अधिक. त्यामुळे एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते, आणि ती प्रेक्षकाच्या हिताची आहे की नाही यापेक्षा त्याचे मन तिच्यात गुंतेल की नाही हे पाहून पुढे केली जाते. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनाभंगातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, ही जी अधोगतीची शिडी भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात दाखविली आहे, तिची पहिली पायरी हीच होय.

19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारतीय संघ ओळीने 10 सामने जिंकून तेथे पोहोचला होता. परंतु ऑस्ट्रेलियाने 6 गडी राखून विजय मिळविला. खेळाडूंनी आपले कर्म केले होते, आणि फळ कोणाच्याच हाती नव्हते. प्रेक्षकांपैकी कित्येकांना मात्र हे सोसले नाही. विजयी संघातील एका खेळाडूच्या कुटुंबावर अर्वाच्य शिव्यांचा वर्षाव झाला. ज्यांनी बॅट हाती धरली नाही, एक धावही घेतली नाही, त्यांना एवढा क्रोध कोठून आला? तो ‘माझे’ या शब्दातून आला. धृतराष्ट्र मेला नाही. तो प्रत्येक पराभवाच्या रात्री पुन्हा बोलू लागतो.

येथे कोणी विचारील, तर मग हे सारे वर्ज्य करावे काय? नाही. पाहणे हे पाप असते तर भगवंतांनी अर्जुनाला दिव्य चक्षू दिलेच नसते. अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहतो, विस्मित होतो, भयभीत होतो, हात जोडतो. परंतु तो दर्शनात रमून राहिला नाही. ते दर्शन अंतःकरणात साठवून, शेवटी संशयरहित होऊन तो आपल्या कर्तव्यास उभा राहिला. दर्शनाचे सार्थक कर्तव्यात होते.

15 फेब्रुवारी 2013 रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क नगरावर सुमारे 20 मीटर व्यासाची एक उल्का आकाशातच फुटली. मोटारींत बसविलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली तिची दृश्ये साऱ्या जगाने पाहिली. प्रखर प्रकाश दिसताच अनेक लोक कुतूहलाने खिडक्यांपाशी धावले. प्रकाश तत्काळ पोहोचतो, ध्वनीला मात्र वेळ लागतो. काही क्षणांनी आघातलहर आली आणि फुटलेल्या काचांनी शेकडो लोक जखमी झाले. त्याच नगरातील एका शिक्षिकेने तोच प्रकाश पाहिला आणि वर्गातील 44 मुलांना तत्काळ बाकांखाली जाण्यास सांगितले. मुले सुरक्षित राहिली, ती स्वतः मात्र काचांनी जखमी झाली. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच चित्रफितींवरून उल्केचा अंतराळातील मार्ग गणिताने निश्चित केला. प्रकाश एकच होता. कोणाला त्यात कौतुक दिसले, कोणाला कर्तव्य, कोणाला ज्ञान.

चंद्रयानाचे उदाहरण तर आपल्याच देशातले आहे. 7 सप्टेंबर 2019 रोजी चंद्रयान-2 चा अवतरक चंद्रपृष्ठानजीक पोहोचून संपर्काबाहेर गेला. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 सुखरूप उतरले, तेव्हा इस्रोचे यूट्यूबवरील प्रक्षेपण एकाच वेळी 80 लाखांहून अधिक ठिकाणी पाहिले जात होते. त्या सायंकाळचा आनंद योग्यच होता. परंतु प्रेक्षकाला न दिसलेली मधली चार वर्षे हाच त्यातील खरा उपदेश आहे. अपयशाने खचून न जाता अवतरकाचे पाय अधिक बळकट केले गेले, इंधन वाढविले, उतरण्याचे क्षेत्र विस्तारून 4 किलोमीटर लांब व 2.4 किलोमीटर रुंद ठरविले. सिद्धी आणि असिद्धी यांत सम राहून कर्म करणे म्हणजे काय, याचे हे प्रत्यक्ष भाष्य आहे. ज्या बालकाला पित्याने ते अवतरण दाखविले आणि ही चार वर्षेही समजावून दिली, त्या बालकाने विज्ञानाबरोबर गीताही पाहिली.

याच्या उलट चित्रही घरोघरी दिसते. दूरदेशीच्या महापुरात वाहून जाणारी घरे पाहून गृहस्थाचे डोळे पाणावतात. ती करुणा खोटी नव्हे. परंतु त्याच वेळी शेजारच्या खोलीत वृद्ध पिता पाण्याचा पेला मागत असतो आणि त्याची हाक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विरून जाते. हजार कोसांवरील दुःख पाहता येते. पण तेथे हात पोहोचत नाही. जेथे हात पोहोचतो, तेथे दृष्टी जात नाही. स्वधर्म नेहमी हाताच्या अंतरावर असतो. जी करुणा कधीच कृतीत उतरत नाही, ती हळूहळू करमणूक होऊन बसते.

म्हणून गृहस्थाने काही नियम पाळावेत. पाहण्यापूर्वी हेतू ठरवावा आणि हेतू पूर्ण होताच यंत्र खाली ठेवावे. आहार-विहाराप्रमाणे पाहण्यालाही प्रमाण असावे. भोजन, सायंप्रार्थना आणि निद्रेपूर्वीचा काळ त्यापासून मोकळा राखावा. मिळालेली वार्ता सत्य, हितकर आणि कोणाला उद्वेग न देणारी आहे, याची खात्री झाल्यावाचून ती पुढे धाडू नये. कारण सतराव्या अध्यायातील वाणीचे तप बोटांनाही लागू आहे. आणि जे पाहून मन द्रवले, त्याच्या नावाने त्याच दिवशी, जवळच्या कोणासाठी तरी, एक लहानसे काम करावे. पूर पाहिला तर यथाशक्ती दान द्यावे. अरण्य पाहिले तर दारच्या झाडाला पाणी घालावे. यान पाहिले तर मुलाचा अडलेला गणिताचा पाठ घ्यावा.

दिव्यदृष्टीसारखे साधन आज सर्वांना मिळाले आहे. संजयाचे अंतःकरण मात्र ज्याचे त्याने घडवायचे आहे. शेजारच्या खोलीतून हाक आली तर हातातील दृश्य तेथेच थांबवून गृहस्थाने उठावे. त्या क्षणी पाण्याचा पेला भरून नेणे हीच त्याची गीता होय, आणि तो पेला ज्याच्या ओठी लागतो त्या वृद्धाच्या हृदयात भगवंतच बसलेले आहेत.