आभारांचे ओझे

भाऊबीजेला भावाने बहिणीच्या दारी जावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. माझे मामेभाऊ अण्णा जिंतूरजवळच्या एका खेड्यात राहतात आणि त्यांची धाकटी बहीण गंगाखेडला दिलेली आहे. विहिरीच्या कामावर पडल्यापासून अण्णांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. तेव्हापासून दर भाऊबीजेला बहीणच मुलेबाळे घेऊन भावाच्या दारी येते.

एका वर्षी माझ्या अंगात उत्साह संचारला. "अण्णा, यंदा तुम्हांला गंगाखेडला नेणारच!" असे मी जाहीर केले आणि नेलेही. जिंतूरहून परभणी, तिथे गाडी बदलून गंगाखेड; दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. माणसे तरी किती भली! न बोलावता चौघे पुढे होत. दोघे काखेत हात घालीत, दोघे पाय धरीत. कोणी खिडकीजवळची जागा सोडली, कोणी चाकाची खुर्ची मिटून आत घेतली. चढणे-उतरणे मिळून असे आठ वेळा घडले. घरी परतल्यावर मी मोठ्या समाधानाने विचारले, "काय अण्णा, झाली ना भाऊबीज?"

अण्णा म्हणाले, "झाली. बहिणीला पाहून जीव निवला. पण आठ वेळा उचलला गेलो आणि आठ वेळा हात जोडले. तू गाडीत चढताना कोणाला हात जोडतोस रे?"

पुढच्या वर्षी ते निघाले नाहीत. बहीणच आली.

खरे सांगायचे तर मला रागच आला. इतक्या जणांनी केले, त्याचे हे फळ? पण प्रश्न काही मनातून जाईना. मग एकेक आठवू लागले. परभणीला उतरवताना अण्णांचे धोतर सुटले होते आणि भोवती बायाबापड्या उभ्या होत्या. मी ते पाहून न पाहिल्यासारखे केले. कुठे धरू, कसे धरू, हे मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. धान्याच्या पोत्याला कोण विचारतो?

देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणून घेणाऱ्याचे ओझे हलके होते काय? एखाद्या प्रसंगी घेतलेला उपकार माणूस आनंदाने मिरवतो. पण ज्याला घराबाहेर पडायचे म्हटले की उपकारच घ्यावा लागतो, तो हळूहळू घरातच बसणे पसंत करतो.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गाडी निघाली. 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे तिचे ब्रीद. आणि आमच्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांना ते खोटे वाटण्याचे कारण नाही. याच गाडीने आमची पोरे शाळेला गेली, आजारी माणसे दवाखान्यात पोचली. अपंगांसाठी साध्या गाडीच्या तिकिटात ७५ टक्के सवलतही आहे. भाडे चौथाईवर आले. पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच उंच राहिल्या. सवलत खिशाला मिळाली, चाकांना मिळाली नाही.

उपाय काही आभाळातून आणायचा नाही. ठेंगण्या गाडीच्या दाराशी उतरती फळी टाकता येते. उंच गाडीच्या दाराला खुर्चीसकट माणूस वर घेणारा यांत्रिक पाळणा बसवता येतो. आत खुर्ची पट्ट्याने बांधण्याइतकी जागा ठेवता येते. अर्थात थांब्यापर्यंतचा रस्ताही नीट हवा, नाहीतर फळी गटारातच टेकायची! २०१६ च्या कायद्याने ही सोय करणे हे सरकारचे कर्तव्यच ठरवले आहे. अमेरिकेत डेन्व्हर शहरी १९७८ च्या जुलैत एकोणीस अपंग माणसे भर रस्त्यात बसगाड्यांची वाट अडवून बसली. आम्हांला उचलायला माणसे द्या, असे त्यांचे मागणे नव्हते. आम्हांला चढता येईल अशी गाडी द्या, असे होते.

व्यवहारी मित्र म्हणतात, असे प्रवासी असतात तरी किती? पण जो चढूच शकत नाही, तो थांब्यावर येईल कशाला आणि त्याची मोजदाद होईल कशी? शिवाय बहुजनांच्या सुखाचा हिशेब करताना एकाला दाराबाहेर ठेवले, तर तो हिशेब पुरा झाला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरी शंका माझीच होती. यंत्राने माणूस वर घेतला, तर चौघांनी पुढे होण्याचा आपला गोड स्वभाव आटेल की काय? याचे उत्तर मला गंगाखेडातच सापडले. ते जनाबाईचे गाव. तिच्यासंगे विठ्ठल दळायला बसला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देवाने तिला जात्यावरून उचलून बाजूला ठेवले नाही. तो शेजारी बसला आणि खुंट्याला हात लावला. सोबत ती हीच. गाडीत अण्णा आपले आपण चढले, तरी शेजारच्याला शेंगदाणे द्यायला, पोराबाळांची चौकशी करायला वाव उरतोच. उलट तेव्हाच दोघे बरोबरीने बोलतील.

यंदाही बहीणच येणार आहे. तिला उतरवून घ्यायला मी परभणीच्या स्थानकावर जाईन आणि जिंतूरच्या गाडीत तिच्याबरोबर चढेन. तीन पायऱ्या, कोणाचे आभार न मानता. अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून तेवढेच उत्तर आहे.