कुंभकोणमचा दिवाण आणि वाचकाची निवड

टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणममध्ये जन्मले. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर कावेरीकाठी येऊन स्थिरावलेल्या देशस्थ घराण्यांपैकी एक त्यांचं. चुलते व्यंकटराव आणि वडील रंगराव दोघंही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. माधवराव मद्रासला शिकले, १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांनी सांभाळलं. घरची भाषा मराठी, जन्मगावची तमिळ, पहिल्या संस्थानाची मल्याळम आणि ब्रिटिश रेसिडेंटशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत. या आयुष्यावर चांगली कादंबरी होईल. पण त्याला अधिक शोभेल असा एक प्रकार आहे आणि मराठी वाचकाची त्याच्याशी अजून फारशी ओळख झालेली नाही. वाचकाने पावलोपावली निर्णय घ्यायचा, आणि त्या निर्णयाला धरून पुढची गोष्ट उलगडायची, असा हा गेम आणि साहित्य यांच्या सीमेवरचा प्रकार. त्याला इथे निवडकथा म्हणू.

हा प्रकार संगणकाच्या आधीचा आहे. डॉरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स या दोन अमेरिकन लेखिकांनी १९३० मध्येच 'कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस' हे पुस्तक लिहिलं. त्यात वाचक निर्णय घेऊन त्या त्या क्रमांकाच्या परिच्छेदाकडे वळतो. १९७९ मध्ये एडवर्ड पॅकार्डच्या 'द केव्ह ऑफ टाइम'ने 'चूज युअर ओन ॲडव्हेंचर' ही मालिका सुरू झाली आणि तिच्या २५ कोटींहून अधिक प्रती खपल्या. संगणकावर विल क्रॉदरचा 'ॲडव्हेंचर' १९७६ सालचा. २००९ मध्ये ख्रिस क्लायमासने 'ट्वाइन' हे मोफत साधन आणलं, त्याच वर्षी 'चॉइस ऑफ गेम्स' ही प्रकाशनसंस्था उभी राहिली, आणि २०१६ मध्ये इंग्लंडच्या 'इंकल' स्टुडिओने आपली 'इंक' ही लेखनभाषा सर्वांसाठी खुली केली. आज एकटा लेखक, चित्रकार किंवा प्रोग्रामर सोबत नसताना, केवळ शब्दांच्या बळावर असा गेम लिहून प्रकाशित करू शकतो.

नव्या लेखकाला वाटतं की निवडकथा म्हणजे फाट्यांची कथा, आणि जितके फाटे जास्त तितकी ती श्रीमंत. साधा हिशेब हा समज मोडून काढतो. कथेत एकामागून एक १० निर्णय आहेत, प्रत्येकात दोनच पर्याय आहेत आणि एकदा फुटलेले फाटे पुन्हा कधीच मिळत नाहीत, असं धरू. शेवट होतात १,०२४. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत लिहावे लागतात २,०४७ तुकडे. तुकडा ३०० शब्दांचा धरला तरी सहा लाखांहून अधिक शब्द. आणि एका वेळी वाचणाऱ्याच्या वाट्याला येतात ११ तुकडे, म्हणजे ३,३०० शब्द, एखाद्या लघुकथेएवढे.

म्हणून अनुभवी लेखक फाटे फुटू देतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एका वाटेला आणून मिळवतात. फरक राहतो तो कथेच्या स्मरणात. वाचकाने तिसऱ्या प्रकरणात कुणाला खोटं सांगितलं, हे संगणक एका छोट्या नोंदीत जपून ठेवतो आणि नवव्या प्रकरणात तोच माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य बदलतं. घटना तीच असते, तिचा अर्थ मात्र या वाचकापुरता वेगळा झालेला असतो. निवडकथेची कला इथे आहे: काय लक्षात ठेवायचं आणि ते कधी पुढ्यात आणायचं.

मराठी श्रोत्याला हे तत्त्व परकं वाटू नये. वेताळपंचविशीत एकही फाटा नाही. प्रत्येक गोष्टीअंती वेताळ प्रश्न विचारतो; उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. वाट एकच असते, तरी ऐकणारा प्रत्येक वेळी मनातल्या मनात न्यायनिवाडा करतो आणि मगच राजाचं उत्तर ऐकतो. प्रश्न खरा असला की निवड खरी वाटते, मग पुढचं कथानक बदलो न बदलो.

माधवरावांच्या आयुष्यात असा खरा प्रश्न १८५८-५९ मध्ये उभा राहिला. दिवाणपद नुकतंच हाती आलेलं. दक्षिण त्रावणकोरात नाडार या तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या स्त्रियांनी छाती झाकण्याचा हक्क बजावायला सुरुवात केली होती, सवर्ण त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते आणि दंगली पेटल्या होत्या. एका बाजूला रूढीचा आधार सांगणारा दरबार, दुसऱ्या बाजूला मिशनरी आणि मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन. जुलै १८५९ मध्ये संस्थानाने जाहीरनामा काढला: नाडार स्त्रियांनी अंग झाकावं, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखं नव्हे. अर्धवट न्याय, आणि तोही दबावाखाली.

यावर निवडकथा लिहिताना शेवट बदलण्याची मुभा वाचकाला देऊ नये. इतिहासात जे घडलं ते घडलं; एका पर्यायावर बोट ठेवून १८५९ मध्ये पूर्ण समता मिळवून देणारी कथा त्या स्त्रियांच्या लढ्याचीच किंमत कमी करील. वाचकाच्या हाती द्यायच्या त्या लहान गोष्टी. रेसिडेंटच्या पत्राला आज उत्तर द्यायचं की चार दिवसांनी? दंगलीचं वृत्त महाराजांपुढे कुठल्या शब्दांत ठेवायचं? तक्रार घेऊन आलेल्यांपैकी आधी आत कुणाला बोलवायचं? जाहीरनामा शेवटी तोच निघेल. पण तो वाचताना आपला त्यात किती वाटा आहे हे वाचकाला नेमकं कळेल, आणि चरित्रग्रंथातल्या दोन परिच्छेदांतून ते कळत नाही.

इथे एक मोठा धोकाही आहे. वाचकाला दिवाणाच्या खुर्चीत बसवलं की ज्यांच्या अंगावरच्या कापडावरून हे सगळं पेटलं त्या बायका त्याच्या निर्णयाचं निमित्त होऊन बसतात. या प्रश्नाचा उत्तम विचार मेग जयंत या भारतीय वंशाच्या लेखिकेने केला आहे. इंकलच्या २०१४ च्या '८० डेज' या गेमचं लेखन मुख्यतः तिचं. पाच लाखांहून अधिक शब्दांच्या या कथेला 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरवलं. जूल्स व्हर्नच्या कादंबरीवर बेतलेल्या या प्रवासात वाचक फिलीयस फॉग होत नाही. तो होतो त्याचा नोकर, पासपार्तू. वाटेत भेटणारी माणसं आपापल्या लढ्यात, प्रेमात, व्यापारात गुंतलेली असतात. प्रवाशाचं कोडं सोडवण्यासाठी ती थांबलेली नसतात, आणि काही प्रसंगी त्याला सरळ नकार देतात. २०१६ च्या एका व्याख्यानात जयंत यांनी हाच आग्रह धरला होता: नायकाभोवती जग फिरवू नका, इतर पात्रांना स्वतःची इच्छा द्या. त्यामुळे माधवरावांच्या कथेत वाचकाने दिवाण होण्याऐवजी त्याच्या कचेरीतला कुंभकोणमहून आलेला तरुण कारकून व्हावं, हे अधिक योग्य. त्याला सगळे कागद दिसतात, थोडंफार लपवता येतं, मसुद्यातला एखादा शब्द सौम्य करता येतो. आणि नाडार वस्तीतली एखादी बाई त्याच्याशी बोलायचं नाकारू शकते.

तंत्र नवं आणि परदेशी आहे म्हणून मराठीने दबकायचं कारण नाही. माधवरावांच्या जन्मगावाच्या, तंजावरच्या प्रदेशात मराठीने परकी रूपं मोकळेपणी आपलीशी केली. तंजावरवर १६८४ ते १७१२ राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहिली. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात पाच भाषा एकाच रंगमंचावर येतात. कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनीच विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी' रचली: कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार, भाषा मराठी आणि विषय जगाचा भूगोल. भविष्य सांगणारी कुरवंजी गाण्यांतून खंड आणि देश सांगत जाते. खेळकर चौकटीत अख्खी पृथ्वी फिरवून आणण्याची ही कल्पना '८० डेज'च्या दोनशे वर्षं आधीची. याच राजाने १८०५ च्या सुमारास तंजावरला देवनागरी छापखाना घातला आणि त्यातून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. उलट दिशेनेही देवघेव झाली. मराठी कीर्तन इथे आलं, तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्याला तमिळ हरिकथेचं रूप दिलं आणि साकी, दिंडी, ओवी ही वृत्तं तमिळ शब्द घेऊन उभी राहिली.

कुंभकोणमच्या मराठी घरांत निवड हा रोजचा व्यवहार आहे, आणि निवडकथेसाठी या प्रदेशाकडे बघावं याचं हे सगळ्यात मोठं कारण. आजीशी तंजावरी वळणाच्या मराठीत बोलायचं, शेजारी तमिळ, शाळेत इंग्रजी. कुठलं वाक्य कुठल्या भाषेत टाकायचं यावर जवळीक ठरते, राग ठरतो, कधी कधी लग्नही ठरतं. सरळ कादंबरी यांतलं एक वाक्य निवडून पुढे जाते. निवडकथा तिन्ही वाक्यं वाचकापुढे ठेवते आणि न उच्चारलेली दोन त्याच्या मनात राहू देते. २०२३ मध्ये आलेल्या 'वेन्बा' या गेमने या वाटेने काय साधतं ते दाखवून दिलं. १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेल्या तमिळ जोडप्याची ही गोष्ट. आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीतल्या गाळलेल्या जागा खेळणारा भरतो, आणि इंग्रजीत वाढलेल्या मुलाला ती वही पुढे नीट वाचता येत नाही. लहानसा गेम, जेमतेम दोन तासांत संपणारा. त्याला २०२४ मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

मराठीत लिहायला बसलं की पहिली अडचण व्याकरणाची येते. इंग्रजी निवडकथा वाचकाला मध्यमपुरुषात संबोधते आणि तो पुरुष की स्त्री हे वाक्याला कळावं लागत नाही. मराठीत 'तू आलास' म्हणताच अर्धे वाचक बाहेर पडतात. इंकमध्ये एका नोंदीवरून 'आलास' किंवा 'आलीस' निवडण्याची सोय करता येते, पण लाखभर शब्दांत प्रत्येक क्रियापदाला ही जोडणी लावणं थकवणारं, आणि एक राहून गेली तरी खटकणारं. कुशल लेखक भाषेतल्याच वाटा शोधील. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माला धरून चालतं: 'तू पत्र वाचलंस', 'तू दार उघडलंस', हे कुणालाही चालतं. भविष्यकाळही तसाच: 'तू जाशील', 'तू थांबशील'. 'तुम्ही आलात' हेही दोघांना लागू पडतं, पण त्यात अंतर येतं.

आणि हे अंतरच मराठी निवडकथेची खास ताकद होऊ शकेल. कथेतली पात्रं वाचकाला सुरुवातीला अहो-जाहो करतात. तो विश्वासाला उतरला तर पाचव्या प्रकरणात एखादी म्हातारी त्याला सहज अरेतुरे करू लागते. दुसरा एखादा वाचक शेवटपर्यंत 'तुम्ही'च राहतो आणि आपण कुठे चुकलो हे त्याला कुणी सांगत नाही. इंग्रजी गेममध्ये हे नातं पडद्यावर आकडा किंवा पट्टी दाखवून कळवतात. मराठीत ते क्रियापदातून कळेल.

प्रकाशनाचा भाग त्या मानाने सोपा आहे. ट्वाइनमधली कथा वेबपानाच्या फायलीत निघते, देवनागरी नीट दाखवते आणि कुठल्याही मोबाइलवर उघडते. 'चॉइस ऑफ गेम्स' आपल्या 'होस्टेड गेम्स' या शाखेतून बाहेरच्या लेखकांच्या कथा प्रकाशित करते, लेखकाला उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा देते, आणि सुरुवातीची प्रकरणं फुकट वाचू देऊन पुढच्यांसाठी पैसे घेते. तिच्या 'चॉइसस्क्रिप्ट' या साधनात एक चाचणी आहे: संगणक स्वतःच हजारो वेळा यदृच्छेने कथा खेळतो आणि कुठे वाट तुटली, कुठला तुकडा कुणालाच कधी दिसत नाही, ते लेखकाला दाखवतो. मराठीत या कामासाठी नवी संस्था उभी राहण्याची वाट पाहायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवा प्रकार वाचकापुढे ठेवण्याची जागा ठरलेली आहे. छापील अंकात छोटी निवडकथा क्रमांकित परिच्छेदांनी बसते, वेब्स्टर-हॉपकिन्स यांनी ती तशीच बसवली होती. मोठी कथा अंकाच्या संकेतस्थळावर जाऊ शकते.

संपादकाला मात्र दोन सवयी बदलाव्या लागतील. हस्तलिखित एकदा वाचून निर्णय देता येणार नाही. निदान तीन-चार वेगळ्या वाटांनी जावं लागेल, त्यांतली एक मुद्दाम वाईट निवडी करत. आणि मानधन ठरवताना वाचकाच्या नजरेला एका वेळी पडणारे तीन हजार शब्द मोजून चालणार नाही. त्यांच्यामागे लिहून ठेवलेले वीस-पंचवीस हजार शब्दही त्या लेखकाचेच आहेत. बहुतेक वाचकांना त्यांतले बरेचसे दिसणार नाहीत हे पक्कं ठाऊक असूनही ते तितक्याच निगुतीने लिहिलेले असतात, आणि पैसे त्यांचेही द्यायला हवेत.